मुक्या गाठींचा डॉक्टर

सुरगाण्याच्या आमच्या शाखेत माझ्या टेबलाच्या उजव्या हाताला एक लाकडी बाक होता. त्या बाकावर आमचा शिपाई बसायचा. १९९४ साली मी तिथे शाखाधिकारी म्हणून गेलो तेव्हा हा माणूस माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा, तालुक्यातल्याच एका पाड्यावरचा, गळ्यात तुळशीची माळ घातलेला, बोलायला अगदी कमी. सगळे त्याला मामा म्हणत. पहिल्याच आठवड्यात माझं त्याच्याविषयी वाईट मत झालं. मी काम करता करता उजव्या हाताने व्हाउचर पुढे करी आणि हा बाकावर ढिम्म बसून राही. घंटी वाजवली की मात्र लगेच उठे. स्ट्राँगरूमच्या लोखंडी दारावर त्याचा खांदा दर दोन दिवसांनी आपटे. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांसमोर त्याचा चहाचा ट्रे काउंटरच्या कडेला धडकला आणि सगळा चहा उघड्या लेजरवर सांडला.

मी त्याला मेमो दिला. नुसता निष्काळजीपणाचा नाही. कामावर असताना दारू प्यायल्याचा संशय, असं मी त्यात माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं. आदिवासी पट्ट्यातला माणूस अडखळतो म्हणजे मोहाची घेतलेली असणार, हा हिशेब मी शहरातून बरोबर घेऊनच गेलो होतो. गळ्यातली माळ रोज दिसत असूनही मला ती दिसली नाही. त्याने मेमो वाचला, खाली सही केली आणि पाण्याचा हंडा भरायला निघून गेला.

पुढे तीन महिन्यांनी एका आश्रमशाळेत डोळ्यांचं शिबिर भरलं. चष्मा लागला असेल म्हणून मामा रांगेत उभा राहिला. नाशिकहून आलेल्या तरुण डॉक्टरने त्याला आपल्या नाकाकडे बघायला सांगितलं आणि आपले दोन्ही हात दोन बाजूंना पसरून बोटं हलवली. मामाला डावीकडचं बोट दिसेना आणि उजवीकडचंही दिसेना. समोरचं मात्र लख्ख दिसत होतं. टांग्याच्या घोड्याला झापडं बांधतात तशी कोणीतरी त्याच्या डोळ्यांना बांधली होती, आणि ती इतकी हळूहळू आवळत गेली होती की त्याचं त्यालाही कळलं नव्हतं. आधी नाशिकला आणि मग मुंबईला तपासण्या झाल्या. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीत, म्हणजे पिट्युटरीत, गाठ होती. मुंबईच्या सरकारी रुग्णालयात नाकाच्या वाटेने ती काढली. अहवालात लिहिलं होतं की ही गाठ कोणतंही हार्मोन बाहेर सोडत नाही.

त्या वाक्याने मला डॉ. हार्वे कुशिंग या माणसापर्यंत नेलं. बँकेच्या नोकरीत मुंबईला बदली झाली तेव्हा जुन्या पुस्तकांच्या ढिगात त्यांचं एक चरित्र हाती लागलं, आणि मग मिळेल ते वाचत गेलो. मेंदूची शस्त्रक्रिया ही स्वतंत्र विद्या म्हणून उभी करणाऱ्यांत ज्यांचं नाव आधी घेतलं जातं, ते हे गृहस्थ. त्यांचं आयुष्य मोठं विलक्षण आहे. पण मला ते जवळचे वाटले ते त्यांच्या यशामुळे नव्हे, तर त्यांच्या एका चुकीमुळे.

कुशिंग यांचा जन्म ८ एप्रिल १८६९ रोजी अमेरिकेतल्या क्लीव्हलँड गावी झाला. घरात डॉक्टरकीची परंपरा. दहा भावंडांत हे शेंडेफळ. येल विद्यापीठातून १८९१ साली पदवी घेतली, तिथे बेसबॉल खेळण्यात बराच वेळ घालवला आणि मग हार्वर्डला वैद्यकी शिकायला गेले. त्या काळी गुंगी देण्याचं काम शिकाऊ विद्यार्थ्यांवर सोपवत. इथरचा बोळा रुग्णाच्या तोंडावर धरायचा आणि देवावर हवाला ठेवायचा, एवढंच ते शास्त्र. कुशिंग यांनी गुंगी दिलेला एक रुग्ण शस्त्रक्रियेच्या वेळीच दगावला. मोठे डॉक्टर म्हणाले, असं होतंच. पण या मुलाच्या मनातून ते जाईना. वैद्यकी सोडून द्यावी असं त्यांना वाटलं. सोडली नाही. त्याऐवजी अर्नेस्ट कॉडमन या मित्राबरोबर त्यांनी गुंगीत असलेल्या रुग्णाची नाडी आणि श्वास दर काही मिनिटांनी कागदावर टिपायला सुरुवात केली. आज ऑपरेशन थिएटरमध्ये भूलतज्ज्ञ जो तक्ता भरतात, त्याचा हा मूळपुरुष. १९०१ साली युरोपातून परतताना इटलीच्या पाव्हिया गावी त्यांनी रिव्हा-रोची यांचं रक्तदाब मोजण्याचं साधन पाहिलं आणि तेही अमेरिकेत आणलं. चूक झाली की ती नोंदवायची, मोजायची आणि पुन्हा होऊ नये अशी व्यवस्था लावायची. आम्हा बँकवाल्यांना हा स्वभाव चांगलाच कळतो.

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम हॉलस्टेड या कडक शिस्तीच्या शल्यविशारदाच्या हाताखाली कुशिंग तयार झाले. मेंदूवर शस्त्रक्रिया म्हणजे तेव्हा जवळजवळ मृत्यूचंच आमंत्रण होतं. रक्तस्राव थांबवता येत नसे, जंतुसंसर्ग होई, आणि मुळात गाठ नेमकी कुठे आहे हे सांगणारं कसलंही यंत्र नव्हतं. आणि इथेच ती चूक येते.

शतक नुकतंच उलटलं होतं. एक चौदा वर्षांची मुलगी त्यांच्याकडे आली. डोकं दुखायचं, नजर जात चालली होती, अंगाने स्थूल होती आणि वय वाढूनही शरीर लहान मुलीचंच राहिलं होतं. मेंदूत गाठ आहे हे कुशिंग यांनी ओळखलं, पण कुठे ते ओळखलं नाही. त्यांनी एकाहून अधिक वेळा तिचं डोकं उघडलं आणि भलत्याच जागी शोधलं. मुलगी गेली. शवविच्छेदनात गाठ सापडली ती पीयूषिका ग्रंथीच्या जागी. सुमारास, १९०१ सालीच, व्हिएन्नात फ्रोलिख नावाच्या डॉक्टरांनी नेमकं असंच चित्र असलेल्या एका मुलाचं वर्णन छापलं होतं आणि बोट अचूक त्या ग्रंथीकडे दाखवलं होतं. लक्षणं डोळ्यांसमोर होती, पण त्यांचा अर्थ लागला नव्हता. कुशिंग यांनी ही गोष्ट लपवली नाही. ती त्यांनी जगासमोर मांडली आणि पुढची कित्येक वर्षं या वाटाण्याएवढ्या ग्रंथीच्या पायाशी वाहिली.

ही ग्रंथी वजनाने जेमतेम अर्धा ग्रॅम. नाकाच्या मागे, कवटीच्या तळाला हाडाची खोगिरासारखी एक खाच असते, तिच्यात ती बसलेली. पण तिचा कारभार केवढा! अंगाची वाढ, थायरॉइड, मूत्रपिंडावरच्या ग्रंथी, पाळी, दूध, पुरुषत्व या सगळ्यांना तिथून हुकूम सुटतात. तिच्या बरोबर वरून दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडून जातात. दोन्ही बाजूंच्या कडेचं दृश्य वाहून नेणारे तंतू नेमके या चौकात ओलांडतात. ग्रंथीत गाठ झाली आणि ती खालून वर दाबू लागली की पहिला मार या तंतूंना बसतो, आणि दोन्ही कडांची नजर जाते. आमच्या मामाचं हेच झालं होतं. कुशिंग यांनी क्लिफर्ड वॉकर यांच्या साथीने नजरेचे असे नकाशे काढून ते १९१५ च्या सुमारास प्रसिद्ध केले. ज्या काळात डोक्याच्या आत पाहायची सोय नव्हती, त्या काळात नजरेच्या नकाशावरून गाठ ओळखायची ही युक्ती होती. सुरगाण्याच्या आश्रमशाळेत त्या डॉक्टरने हलवलेली दोन बोटं ही त्याच विद्येची गरिबाघरची आवृत्ती.

बाल्टिमोरच्या प्रयोगशाळेत कुशिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून ही ग्रंथी काढली तर काय होतं ते पाहिलं. मार्च १९०९ मध्ये त्यांनी दक्षिण डाकोटातल्या एका शेतकऱ्याच्या ग्रंथीवर नाकाच्या वाटेने पहिली शस्त्रक्रिया केली. त्याच्या गाठीतून वाढीचं हार्मोन जास्त सुटत असल्यामुळे त्याचे हातपाय आणि जबडा वाढत चालले होते. ही वाट सर्वांत आधी १९०७ साली ऑस्ट्रियातल्या श्लॉफर यांनी चोखाळली होती. कुशिंग यांनी ती वरच्या ओठाखालून नेली, म्हणजे चेहऱ्यावर व्रण राहत नसे. १९१२ साली पीयूषिका ग्रंथी आणि तिचे विकार यांवरचा त्यांचा ग्रंथ आला. १९१० ते १९२५ या काळात त्यांनी या वाटेने २३१ शस्त्रक्रिया केल्या आणि त्यांत दगावलेल्यांचं प्रमाण ५.६ टक्के होतं. प्रतिजैविकं नसलेल्या त्या काळात हा आकडा थक्क करणारा आहे.

माणूस म्हणून ते सोपे नव्हते. बोस्टनच्या पीटर बेंट ब्रिगहॅम रुग्णालयात ते १९१२ साली मुख्य शल्यविशारद झाले. तिथे हाताखालच्या डॉक्टरांना त्यांच्या जिभेची धार रोज सोसावी लागे. रुग्णांशी मात्र ते कमालीचे मृदू असत. शस्त्रक्रिया तासन्‌तास चाले, आणि ती संपल्यावर दमलेला हा माणूस बसून स्वतःच्या हाताने तिचं चित्र काढी. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर गेले. १९१७ च्या ऑगस्टमध्ये त्यांचे गुरू आणि मित्र सर विल्यम ऑस्लर यांचा एकुलता मुलगा जखमी होऊन आला, तेव्हा ते त्याच्या उशाशी होते. मुलगा वाचला नाही. पुढे त्यांनी ऑस्लर यांचं दोन खंडांतलं चरित्र लिहिलं आणि त्याला १९२६ साली पुलित्झर पारितोषिक मिळालं.

पण त्याच १९२६ च्या जूनमध्ये त्यांचा थोरला मुलगा विल्यम मोटार अपघातात गेला. तो येलला शिकत होता. सकाळी फोन आला. त्या दिवशी एका रुग्णाची शस्त्रक्रिया ठरलेली होती. कुशिंग यांनी पत्नीला बातमी सांगितली, रुग्णालयात गेले, ठरलेली शस्त्रक्रिया पूर्ण केली आणि मग मुलाकडे गेले. याला धैर्य म्हणायचं की काळजाचा दगड, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. टेबलावरच्या रुग्णाचा विचार केला तर एक उत्तर येतं, घरी राहिलेल्या आईचा विचार केला तर दुसरं.

आता मुक्या गाठींकडे वळतो. कुशिंग यांच्या काळात गाठीचा पातळ काप घेऊन त्यावर रंग टाकत. काही पेशी लाल रंग घेत, काही निळा घेत, आणि बऱ्याच गाठींतल्या पेशी कोणताच रंग धडपणे घेत नसत. लाल रंगाच्या गाठींचा संबंध हातपाय वाढण्याशी लागला. निळ्या रंगाच्या छोट्या गाठींवरून कुशिंग यांनी १९३२ साली बारा रुग्णांच्या आधारे एक रोग वर्णन केला. चेहरा गोल होतो, धड सुटतं, हातपाय काटक्या होतात, रक्तदाब चढतो. तो आज कुशिंगचा रोग म्हणून ओळखला जातो. पण रंग न घेणाऱ्या गाठींनी अंगावर कसलीच खूण उमटवली नाही. त्या फक्त वाढत आणि नजर घेऊन जात. त्यांचं काय करायचं, हे कोड्यासारखं राहिलं.

कुशिंग यांनी एक गोष्ट केली. त्यांनी त्या गाठी टाकून दिल्या नाहीत. काढलेली प्रत्येक गाठ, तिचे काप, रुग्णाचे फोटो, नजरेचे नकाशे आणि पुढे त्या माणसाचं काय झालं याची वर्षानुवर्षांची नोंद, हे सगळं त्यांनी जपलं. या कामात त्यांचा उजवा हात होत्या लुईझ आयझनहार्ट. त्या कुशिंग यांच्याकडे सचिव म्हणून आल्या, मग स्वतः डॉक्टर झाल्या आणि मेंदूच्या गाठी ओळखण्यात जगातल्या मोजक्या तज्ज्ञांपैकी एक बनल्या. १५ एप्रिल १९३१ रोजी कुशिंग यांनी आपली दोन हजारावी पक्की निदान झालेली मेंदूची गाठ काढली. हार्वर्डहून निवृत्त होऊन ते येलला गेले तेव्हा हा सगळा संग्रहही तिकडे गेला. ७ ऑक्टोबर १९३९ रोजी हृदयविकाराने त्यांचं निधन झालं. शवविच्छेदनात त्यांच्या स्वतःच्या मेंदूतही एक सेंटिमीटरभराची छोटी निरुपद्रवी गाठ सापडली. आयुष्यभर ती गप्प बसून होती.

त्यांच्यानंतर तो संग्रह विसरला गेला. काचेच्या बरण्या वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या तळघरात धूळ खात पडल्या. विद्यार्थी गंमत म्हणून रात्री चोरून बघायला जात. पुढे येलने त्या स्वच्छ केल्या आणि २०१० साली त्यांचं दालन उघडलं. त्यानंतर जे झालं ते कुशिंग यांना फार आवडलं असतं. संशोधकांनी त्या शंभर वर्षांपूर्वीच्या ऊतींतून डीएनए काढून पाहिला, आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कुशिंग यांच्या एका रुग्णाच्या आजारामागचा जनुकीय दोष सापडल्याचं मांडलं गेलं. जे रंगाला कळलं नव्हतं ते जपलेल्या कापातून जनुकाने सांगितलं.

मामाच्या गाठीचं कोडंही असंच सुटत आलं आहे. आपल्या प्रत्येक पेशीत सगळ्या जनुकांचं दफ्तर असतं, पण प्रत्येक पेशी त्यातली थोडीच पानं उघडते. उघडलेल्या पानावरून प्रथिनं तयार होतात आणि प्रथिनं पेशीचं काम करतात. पीयूषिका ग्रंथीत कोणत्या पेशीने कोणती पानं उघडायची हे ठरवणारी काही प्रथिनं आहेत. त्यांची नावं पिट-वन, टी-पिट आणि एसएफ-वन अशी आहेत. गाठीच्या कापावर आता साधा रंग न टाकता ही प्रथिनं शोधणारी प्रतिपिंडं टाकतात, आणि गाठ कोणत्या घराण्यातली हे कळतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ च्या आपल्या वर्गीकरणात या पद्धतीला जागा दिली. त्यातून दिसलं ते असं की मुक्या म्हणवल्या जाणाऱ्या गाठींपैकी बहुतेक एसएफ-वन घराण्यातल्या असतात, म्हणजे बीजकोश आणि वृषण यांना हुकूम देणाऱ्या पेशींच्या वंशातल्या. त्यांच्यात हार्मोनची जनुकं पुष्कळदा चालू असतात, प्रथिनाचे तुकडेही तयार होतात, पण रक्तात असा माल उतरत नाही की अंगावर त्याची खूण दिसावी. बँकेच्या भाषेत सांगायचं तर खातं उघडलेलं असतं, पासबुक असतं, पण व्यवहार होत नाही. खरोखर कोणत्याच घराण्याची खूण नसलेल्या गाठी थोड्याच.

हा भेद पुस्तकी नाही. ज्या मुक्या गाठी टी-पिट घराण्यातल्या निघतात, त्या काढल्यावर पुन्हा उगवण्याची धास्ती जास्त असते, म्हणून त्या रुग्णावर अधिक बारीक लक्ष ठेवावं लागतं. दूध आणणारं हार्मोन सोडणाऱ्या गाठी गोळ्यांनी पुष्कळदा आक्रसतात. मुक्या गाठींवर तसं भरवशाचं औषध अजून नाही. त्यांना पहिला उपाय शस्त्रक्रियाच. कोणतं जनुक बोलतं आणि कोणतं प्रथिन पेशीच्या अंगावर आहे हे शोधण्याचा खटाटोप जगभर चालला आहे तो यासाठी.

शस्त्रक्रियेच्या वाटेचीही एक गोष्ट आहे. कुशिंग यांनी स्वतः पुढे नाकाची वाट सोडली आणि कवटी उघडून वरून जाणं पसंत केलं. त्यांनी सोडली म्हणून अमेरिकेत जवळपास सगळ्यांनी सोडली. पण एडिंबरोच्या नॉर्मन डॉट यांनी ती त्यांच्याकडून शिकून घेतली होती, त्यांनी सोडली नाही. डॉट यांच्याकडून ती पॅरिसच्या गियो यांनी घेतली, आणि गियो यांच्याकडून माँट्रियलच्या ज्यूल हार्डी यांनी. हार्डी यांनी १९६० च्या दशकात तिला सूक्ष्मदर्शक जोडला आणि ती वाट जगभर रुळली. एका शिष्याने हट्टाने जपलेली ही विद्या मुंबईच्या सरकारी रुग्णालयात आमच्या मामापर्यंत पोचली.

शस्त्रक्रियेनंतर मामाची नजर पूर्ण नाही, पण बरीचशी परत आली. गाठीने दाबून टाकलेल्या ग्रंथीचं काम भागवायला त्याला गोळ्या सुरू झाल्या. पूर्वी तो लवकर दमायचा आणि आठवड्यातून एकदा दाढी केली तरी त्याला चालायची. आम्ही त्याची थट्टा करायचो. तीही लक्षणंच होती. तो कामावर परत आला तेव्हा मी मेमो मागे घेतल्याचं पत्र त्याला दिलं. त्याने ते घडी करून खिशात ठेवलं आणि बाकावर जाऊन बसला. माफी मागायला हवी होती. ती मी कागदावर मागितली, तोंडाने नाही.

गेल्या दिवाळीनंतर मी वणीमार्गे सुरगाण्याला गेलो. भाताची कापणी उरकली होती, खळ्यांवर नागली पडली होती. मामा आता सत्तरीचा आहे. अंगणात बसला होता. बोलता बोलता त्याने मला विचारलं की ती गाठ काही करीत नव्हती, तर मग वाढली कशाला. मी जे वर लिहिलं ते त्याला सांगायचा प्रयत्न केला. काही करीत नव्हती असं नाही, ती बोलत होती, आपल्याला ऐकू येत नव्हतं, असं काहीसं म्हणालो. त्याने मान हलवली. मग तीस वर्षं उशिरा मी ती माफी तोंडाने मागितली. तो हसला आणि सुनेला चहा टाकायला सांगितला.

वाचकांना एकच सांगणं आहे. घरातला माणूस चालता चालता दाराच्या चौकटीवर आपटू लागला, बाजूने आलेली वस्तू त्याला दिसेनाशी झाली, तर त्याला वेंधळा म्हणू नका आणि दुसरंही काही म्हणू नका. डोळ्यांच्या डॉक्टरकडून कडेची नजर तपासून घ्या. दोन बोटांनी सुरुवात होते.

निघताना मी मुद्दाम मामाच्या उजव्या बाजूने गेलो. त्याने मान न वळवता माझ्या हातातली पिशवी घेतली आणि रस्त्यापर्यंत पोचवायला आला.